मुदतबाह्य औषधांचे पुनःप्रापण : एक चिकित्सा

मुदत संपलेल्या गोळ्यांतून पॅरासिटॅमॉल परत मिळविण्याचा प्रयोग अकोले तालुक्यातील राजूरसारख्या आदिवासी भागातील महाविद्यालयासही परवडावा असा आहे. म्हणूनच त्याची परीक्षा कसोशीने व्हावयास हवी. क्लोरोफॉर्मऐवजी पाणी वापरले की प्रयोग ‘हरित’ झाला, ही समजूत अपुरी होय. एक भाग पॅरासिटॅमॉलास थंड पाणी सुमारे ७० भाग व उकळते २० भाग लागते. तेव्हा विद्राव निवविल्यास स्फटिक मिळतात, हे खरे. परंतु उकळत्या पाण्यात गोळीतील स्टार्चची खळ होऊन गाळण तुंबते. मद्यार्कात स्टार्च विरघळत नाही, पॅरासिटॅमॉल मात्र सुमारे ७ भागांतच विरघळते. येथे तोच विद्रावक सरस. तो ऊर्ध्वपातनाने परत न घेता मोरीत ओतला, तर हरितपणा नावापुरता उरतो.

याहून गंभीर उणीव शुद्धतेच्या पुराव्यात आढळते. उताऱ्याचा टक्का आणि १७० अंश सेल्सिअसच्या आसपासचा वितळबिंदू एवढ्यावर पुष्कळदा समाधान मानले जाते. जलविघटनाने उद्भवणाऱ्या विषारी पॅरा-अमिनोफिनॉलाची ब्रिटिश औषधकोशातील मर्यादा दशलक्षात ५० भाग आहे. इतका अल्पांश वितळबिंदूस कळत नाही, त्यास वर्णलेखनच हवे. शिवाय २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रुग्णालयांतील असा साठा उत्पादकाकडे परत जातो अथवा जाळला जातो. परत मिळालेले स्फटिक रुग्णाच्या कामाचे नव्हेत. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांस, फार तर धातूंच्या गंजरोधनाच्या अभ्यासास ते उपयोगी पडतील.