तक्ता पाठ आहे, पण पेपर वाचलाय का?

नेक्रोसिसमध्ये पेशी फुगून फुटते, अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये ती आकसते. एकात दाह होतो, दुसऱ्यात होत नाही. एक अपघात, दुसरा ठरलेला कार्यक्रम. एम.एस्सी.च्या नोट्सपासून नेटच्या तयारीपर्यंत हा दोन रकान्यांचा तक्ता तुम्ही घोकला असणारच. पण त्याच्या मुळाशी असलेला पेपर तुम्ही उघडून पाहिलाय का? जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांचा हा पेपर १९७२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आला.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या पेपरची खरी ताकद निरीक्षणात आहे. आकारावरून कारण ठरवायला गेलं की तो लंगडा पडतो. आणि आपण नोट्समध्ये उतरवून घेतली ती नेमकी ही लंगडी बाजू.

आधी ताकद बघू. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालची पेशी मेलेली, रसायनात स्थिर केलेली आणि पातळ कापलेली असते. एकाच पेशीचं पुढे काय झालं हे तिथे दिसूच शकत नाही. तरीही या तिघांनी वेगवेगळ्या ऊतींमधली चित्रं शेजारी ठेवून एक क्रम बांधला. पहिल्या टप्प्यात केंद्रक आणि पेशीद्रव्य घट्ट होतं आणि पेशीचे पटलाने वेढलेले तुकडे पडतात. तुकड्यांच्या आतली अंगकं बऱ्यापैकी शाबूत असतात. दुसऱ्या टप्प्यात हे तुकडे गळून पडतात किंवा इतर पेशी त्यांना गिळतात, आणि लायसोसोममधली विकरं ते झटपट पचवतात.

यातला ‘झटपट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुरावा लवकर नाहीसा होत असेल, तर स्लाइडवर मरणाऱ्या पेशी मोजक्याच दिसणार. मोजक्या दिसतात म्हणून मोजक्याच मरतात, असं मात्र म्हणता येत नाही. स्थिर चित्रं वाचताना काळाचा हिशोब कसा धरायचा, हे इथे शिकायला मिळतं.

आता लंगडी बाजू. ही प्रक्रिया सक्रिय आणि पेशीतच आखलेली असावी, असं लेखक तिच्या रूपावरून सुचवतात. शब्द सुचवण्याचाच आहे, सिद्ध केल्याचा नाही. पण नावाने तो संयम सांभाळला नाही. अ‍ॅबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी सुचवलेल्या या शब्दाचा अर्थ पानं किंवा पाकळ्या गळणं. पानगळ म्हटलं की ती निसर्गक्रमानेच होते, हे आपण विचारायच्या आधीच मान्य करतो.

अंदाज बरोबर निघाला, पण त्याला पुरावा दुसरीकडून आला. सी. एलेगन्स या कृमीच्या वाढीत १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात. सेड-३ किंवा सेड-४ जनुक बिघडलं की त्यातल्या बहुतेक सगळ्या जगतात. कार्यक्रम आहे हे यावरून कळलं, आकसलेल्या केंद्रकावरून नव्हे.

उलट बाजूचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. फुगून फुटणारी पेशी म्हणजे निव्वळ इजा, ही समजूत अनेक वर्षं चालली. आज आपल्याला नेक्रॉप्टोसिस माहीत आहे. त्यात आरआयपीके-३ हे एन्झाइम एमएलकेएल या प्रथिनाला कामाला लावतं आणि पेशीपटल फाटतं. पायरॉप्टोसिसमध्ये गॅसडर्मिन-डी पटलाला भोकं पाडतं. दोन्हीत पेशी फुटते, दाह होतो, आणि तरीही सगळं पेशीच्या स्वतःच्या यंत्रणेने घडतं. म्हणजे ‘अपघात’ असं लिहिलेला तुमच्या तक्त्यातला रकाना अर्धवट आहे.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. उद्या तुम्ही फ्लो सायटोमीटरवर अ‍ॅनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड वापराल. अ‍ॅनेक्सिन फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटतं, आणि अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये ते पटलाच्या बाहेरच्या थरावर येतं. पण पटल फाटलेलं असेल तर अ‍ॅनेक्सिन आत शिरून आतल्या थरालाही चिकटतं. म्हणून दोन्ही रंग घेतलेली पेशी मेली आहे एवढंच नक्की, ती कोणत्या वाटेने मेली हे तो ठिपका सांगत नाही. तरीही कितीतरी प्रबंधांत त्या चौकोनावर सरळ ‘लेट अ‍ॅपॉप्टोसिस’ असं लेबल लागतं. चूक तीच आहे, आकाराच्या जागी रंग आला एवढंच. वाट ठरवायची तर वेगवेगळ्या वेळी नमुने घ्या, कॅस्पेज रोखून मृत्यू थांबतो का ते पाहा, आणि मायक्रोस्कोपखाली पेशी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पेपर वाचताना दोन रंगांची पेनं जवळ ठेवा. जे दिसलं ते एका रंगाने अधोरेखित करा, जे त्यावरून म्हटलं ते दुसऱ्याने. १९७२ च्या या पेपरमध्ये दोन्ही रंग वेगळे काढता येतात, आणि म्हणूनच तो आजही वाचण्यासारखा आहे. मग तीच पेनं घेऊन स्वतःच्या सिनॉप्सिसकडे वळा.