साक्ष आणि तिचा संकोच : ‘शीज गॉटा हॅव इट’विषयी

अल्प भांडवलात, स्टुडिओव्यवस्थेच्या बाहेर निर्माण झालेल्या चित्रपटाचा विचार करताना समीक्षा बहुधा दोन चुका करते. साधनांच्या तुटपुंजेपणाकडे बोट दाखवून ती दोषांना सवलत देते, किंवा भांडवलापासूनचे स्वातंत्र्य म्हणजेच दृष्टीचे स्वातंत्र्य असे गृहीत धरते. स्पाइक ली यांचा ‘शीज गॉटा हॅव इट’ (१९८६) हा या दोन्ही गृहीतकांची परीक्षा पाहणारा चित्रपट आहे.

सुमारे १,७५,००० डॉलर खर्चात, १९८५च्या उन्हाळ्यात अवघ्या १२ दिवसांत तो चित्रित झाला. ब्रुकलिनमध्ये राहणारी चित्रकार नोला डार्लिंग एकाच वेळी तीन पुरुषांशी संबंध ठेवते, आणि प्रत्येकाला ती केवळ आपलीच असावी असे वाटते. प्रणयप्रधान सुखात्मिकेचा रूढ संकेत असा, की नायिकेने योग्य पुरुष निवडावा आणि निवडीबरोबर कथा संपावी. येथे मात्र निवड करण्याची सक्तीच प्रश्नांकित होते. कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय तरुणांच्या प्रेमजीवनाला इतक्या सहजतेने केंद्रस्थानी आणणे, ही त्या काळच्या अमेरिकन चित्रपटात दुर्मीळ गोष्ट होती.

चित्रपटाचे खरे सामर्थ्य त्याच्या रूपबंधात आहे. पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून थेट बोलतात; प्रियकर, वडील, जुनी मैत्रीण, मानसोपचारतज्ज्ञ असे सारेजण नोलाविषयी जणू साक्ष देतात. ही योजना काटकसरीची तर आहेच, पण ती काटकसरीपुरती उरत नाही. प्रत्येक साक्ष नोलापेक्षा साक्षीदाराविषयीच अधिक सांगते, आणि या विसंगतीतून विनोद निर्माण होतो. शय्येकडे जाण्यापूर्वी कपड्यांच्या काटेकोर घड्या घालत बसणारा आत्ममग्न ग्रीअर, किंवा स्वतः ली यांनी साकारलेला, तेच ते आर्जव पुनःपुन्हा करणारा मार्स, ही या विनोदाची उत्तम उदाहरणे होत. अर्नेस्ट डिकरसन यांच्या कृष्णधवल छायालेखनाने ब्रुकलिनला जो आत्मीय पोत लाभला आहे, तोही उणिवेचे गुणात रूपांतर करणारा आहे. काही नटांचा नवखेपणा आणि मानसोपचाराच्या प्रसंगांतील कृत्रिमता जाणवते. परंतु हे दोष वरवरचे आहेत.

गंभीर दोष अन्यत्र आहे. चित्रपटात एकच प्रसंग रंगीत आहे : नोलाच्या वाढदिवशी उद्यानात सादर होणारे नृत्य. ही भेट जेमीची आहे. रंगाचा हा एकमेव क्षण त्याच्या नावावर जमा करून चित्रपट नकळत ‘योग्य पुरुष’ सूचित करतो. म्हणजे जो संकेत नाकारला असे वाटत होते, तो मागील दाराने परत येतो. पुढे हाच जेमी नोलावर बलात्कार करतो. त्यानंतर ती अन्य दोघांशी संबंध तोडून त्याच्याकडेच जाते. कथानकाच्या हिशेबात हिंसा ही गुन्हा न राहता नायिकेला निर्णयाकडे ढकलणारी घटना होऊन बसते. नंतर त्या कृत्याचा उल्लेख करतानाही संहिता त्याला ‘जवळजवळ’ हा शब्द जोडते. इतरांच्या साक्षींचा फोलपणा दाखवणारा रूपबंध, जेथे नोलाच्या साक्षीची सर्वाधिक गरज होती तेथेच आखडता होतो.

अखेरीस नोला जेमीलाही सोडते आणि आपल्या देहावरचा अधिकार स्वतःच्या शब्दांत सांगते, याकडे चित्रपटाचे समर्थक लक्ष वेधतील. तो शेवट निश्चितच धीट आहे. परंतु त्या स्वगतात एकनिष्ठतेचा नकार आहे, हिंसेचा हिशेब नाही. शिवाय आरंभीच नोला आपल्या बोलण्याचे प्रयोजन सांगते ते नाव निष्कलंक करण्याचे. ती आरोपीच्या जागेवरून बोलते. आरोपपत्र इतरांनी लिहिलेले आहे. बेल हुक्स यांनी १९८९ साली ‘टॉकिंग बॅक’मधील लेखात नोलाला मुक्त स्त्रीची प्रतिमा मानण्यास जो नकार दिला, त्याचे बळ या जागी प्रत्ययाला येते.

स्वतः ली यांनी २०१४ साली बलात्काराच्या प्रसंगाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि २०१७ ते २०१९ या काळात याच कथेवर मालिका करून नोलाची पुनर्रचना केली. कर्त्याचा पश्चात्ताप प्रांजळ असला, तरी तो कलाकृतीतील पोकळी भरून काढू शकत नाही. कारण ही पोकळी पैशाच्या अभावी राहिलेली नाही. नोलाला त्या रात्रीविषयी कॅमेऱ्यासमोर बोलू देण्यास एक अंथरूण, एक दिवा आणि काही फूट फिल्म एवढेच लागले असते, आणि ते सारे दिग्दर्शकाच्या हाताशी होते. म्हणून या चित्रपटाच्या गुणांचे श्रेय त्याच्या गरिबीला काही अंशी देता येते. त्याच्या मूलभूत दोषाचे उत्तरदायित्व मात्र तिच्यावर टाकता येत नाही.