सामान्य काळातील वात्सल्य

दुर्मीळ जनुकीय आजार घेऊन जन्मलेले किंवा बौद्धिक वाढीत मागे राहिलेले मूल मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर मधूनमधून भेटू लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. एरवी अशा मुलांची जागा घराच्या आतल्या खोलीत असे; साहित्यातही ती फारशी बाहेर येत नसत. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेल्या तीन कलाकृतींचा विचार आम्ही येथे करीत आहोत. अशा मुलाला वाढवणे म्हणजे काय, ह्याचे सत्य त्या कितपत सांगतात, एवढाच आमचा प्रश्न आहे.

माधवी घारपुरे ह्यांच्या कथेवर आधारलेला संदीप सावंत ह्यांचा ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. त्याला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग झाला आहे. हा आजार क्वचित आढळतो व लहान मुलांनाच होतो; दोन्ही डोळ्यांत असेल तर त्याच्या मुळाशी जन्मजात जनुकीय दोष असतो. परशाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी गमवावी लागणार. हे त्याला सांगायचे कोणी आणि कोणत्या शब्दांत? अरुण नलावडे ह्यांनी उभे केलेल्या आजोबांना ते शब्द सापडत नाहीत, आणि ह्या न सापडण्यातच चित्रपटाची थोरवी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला जग डोळे भरून दाखवतात, तो भाग पाहताना डोळे ओलावल्याखेरीज राहत नाहीत. तरीही परशा गावी परततो तेथे चित्रपट संपतो. त्याची शाळा, त्याचे अडखळणे, त्याच्या आईचा दुसरा दिवस आपल्याला दिसत नाही.

महेश लिमये ह्यांचा ‘यलो’ (२०१४) पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या जीवनावर बेतलेला आहे. गौरीला डाउन सिंड्रोम आहे. पेशीत एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असल्याने ही अवस्था येते, असे १९५९ साली फ्रान्सच्या जेरोम लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले. श्रद्धावंत कॅथलिक असलेल्या ह्या डॉक्टरांना ख्रिस्तसभेने २०२१ साली ‘आदरणीय’ घोषित केले आहे. चित्रपटात मोठ्या वयाची गौरी स्वतः गौरीनेच साकारली, हे दिग्दर्शकाचे धैर्य मोलाचे आहे. मुलीच्या बाजूने ठाम उभी राहणारी आईही मृणाल कुलकर्णी ह्यांनी उत्तम रंगवली आहे. मात्र आमची एक शंका उरते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो तो गौरीच्या पोहण्यातील यशाला. मग जिला पोहता येत नाही, जिला हातातला घासही तोंडापर्यंत नेता येत नाही, त्या मुलीला टाळी कोण देणार? कर्तृत्व दाखवल्यावरच मुलाची किंमत मान्य करणारा समाज आणि हा चित्रपट ह्यांच्यात अंतर थोडेच राहते.

जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ ह्या नाटकात पदक नाही आणि बरे होण्याची आशाही नाही. मतिमंद बच्चू शरीराने वाढत जातो आणि त्याचे मध्यमवर्गीय आईबाप थकत जातात. दिलीप प्रभावळकर ह्यांचा बाप आणि अतुल परचुरे ह्यांचा बच्चू नाट्यरसिक विसरलेले नाहीत. दळवींनी आईबापांना संत केले नाही. त्यांना चिडू दिले, खचू दिले, आणि तरीही त्यांची माया आटू दिली नाही. ‘आमच्यामागे ह्याचे कोण?’ हा अशा प्रत्येक घरातला प्रश्न त्यांनी रंगमंचावर आणला. म्हणून तिन्हींत आम्ही हे नाटक सर्वांत वर ठेवतो.

उपासना वर्षात नाताळ आणि पुनरुत्थानाचे सोहळे मोठे असतात. पण सर्वांत लांब असतो तो सामान्य काळ, ३३ किंवा ३४ आठवड्यांचा. अशा मुलांचे आईबाप जन्मभर सामान्य काळात राहतात. घास भरवणे, अंग पुसणे, व्यायाम, औषधाच्या वेळा, रात्रीचे झटके, आणि ‘माझ्याकडे कधी बघणार?’ असे डोळ्यांनीच विचारणारे दुसरे भावंड. आपल्या वसईतली आई वाढत्या वयाचे मूल कडेवर घेऊन लोकलच्या गर्दीतून दादरला उतरते आणि परळचे के. ई. एम. रुग्णालय गाठते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ते एक विशेष केंद्र आहे, आणि धोरणात बसणाऱ्या रुग्णाला २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. साहाय्य मिळाले तरी ती खेप चुकत नाही. ह्या खेपांना कथानक नसते, म्हणून लेखक त्यांच्याकडे वळत नाहीत.

ह्याबाबतीत आम्हा धर्मगुरूंची भाषाही तपासायला हवी. प्रवचनात अशा मुलाला आम्ही कधी ‘क्रूस’ म्हणतो, कधी ‘देवदूत’. पहिल्या शब्दाने मूल ओझे ठरते. दुसऱ्याने त्याचा हट्ट, त्याची भूक, त्याचे माणूसपण नाहीसे होते. जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने तो प्रश्नच नाकारला, असे योहान सांगतो. विज्ञानही वेगळे सांगत नाही. अनेक जनुकीय आजारांत आई व वडील दोघेही निरोगी असतात. दोघांकडे एकेक सुप्त दोष असतो, आणि प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता चारात एक असते. त्यात आईचा दोष नाही, सुनेच्या माहेरचाही नाही. तरीही वाड्यावाड्यांतून हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो.

दळवींच्या प्रश्नाला कायद्याने काही उत्तर दिले आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात असलेल्या, मतिमंद व बहुविकलांग व्यक्तींना अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमून घेता येतो. पण कागदावरच्या पालकाला शेजारी लागतात, आणि शेजारी घडवणे हे धर्मग्रामाचे आणि साहित्याचे काम आहे. आमच्या लेखकांनी अशा एखाद्या घरी जावे, दोन तास मूल सांभाळून त्या आईला झोपू द्यावे, आणि मग तिच्या एखाद्या साध्या मंगळवारची कथा लिहावी. ती छापण्यास हे त्रैमासिक आनंदाने जागा देईल, अशी आम्हाला खात्री आहे.