स्वदेशागमन आणि साथ : लुई मोहोलो यांच्या वादनासंबंधी एक टिपण

परागंदा झालेला कलावंत मायदेशी परतून वादन करतो, तेव्हा समीक्षेची जागा बहुधा गौरवपर भाषण घेते. दक्षिण आफ्रिकेतील जॅझ तालवादक लुई मोहोलो (१९४०–२०२५) यांच्याविषयी असे झाल्यास त्यांच्या कलेतील मूळ प्रश्न दृष्टीआड होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

केपटाऊनच्या लांगा वस्तीत जन्मलेले मोहोलो १९६४ साली ‘ब्लू नोट्स’ या संचासह फ्रान्समधील आँतीब येथील महोत्सवासाठी देशाबाहेर पडले. गोऱ्या व काळ्या वादकांनी एकत्र वाजविणे वर्णभेदाच्या राजवटीत दुष्कर झाले होते. संचापैकी निकेले मोयाके लवकरच स्वदेशी परतले व अल्पावधीतच निवर्तले. पुढे मोंगेझी फेझा १९७५ मध्ये, जॉनी डायानी १९८६ मध्ये, क्रिस मॅक्ग्रेगर व डुडू पुक्वाना १९९० मध्ये दिवंगत झाले. १९९३ साली मोहोलो ‘व्हिवा ला ब्लॅक’ हा संच घेऊन मायदेशी दौऱ्यावर गेले, तेव्हा सोबत होते ते परदेशातील वास्तव्यात जुळलेले साथीदार. ज्यांच्यासह घर सोडले, त्यांपैकी एकही उरला नव्हता.

येथे प्रश्न उद्भवतो तो असा : उत्स्फूर्त वादनात कृती वसते कोठे? आपल्या ख्यालगायनात तबलजी ठेका धरतो आणि आवर्तनाची चौकट गायकाला आधार देते. मोहोलो यांच्या मुक्त वादनात अशी चौकट पूर्वनिश्चित नसते. ती साथीदारांच्या परस्पर ओळखीतून, ऐकण्याच्या सवयीतून त्या त्या क्षणी उभी राहते. फेझाच्या निधनानंतर त्याच महिन्यात उरलेले चौघे लंडनमध्ये जमले व पूर्वयोजना न करता वाजवीत राहिले. ते ध्वनिमुद्रण या विधानास उत्तम पुरावा होय. अर्थात साथीदार गेला की कृतीचा एक अंशही जातो.

मागे राहते ती चीज. फेझाची एक रचना मोहोलो यांनी १९७८ च्या ‘स्पिरिट्स रिजॉइस’ या तबकडीत घेतली आहे. तीत छोटी धून पुनःपुन्हा येते आणि तिच्याभोवती वादकांचे स्वातंत्र्य वाढत जाते. मृत मित्राची आठवण येथे स्मारक होऊन गोठत नाही. नव्या साथीदारांना ती बोलण्यास जागा देते. ही जागा मोकळी न राहिली, तर वादनाचे रूपांतर श्राद्धविधीत होण्याचा धोका असतो.

म्हणून स्वदेशागमनाच्या मैफलीचे मूल्य ती कोणत्या भूमीवर झाली यावरून ठरवू नये; गेलेल्यांची जागा तीत कितपत मोकळी राहिली, यावरून ठरवावे. मोहोलो २००५ साली कायमचे केपटाऊनला परतले. तथापि त्यांच्या संगीताचे घर साथीत होते, आणि त्यातील बरेचसे त्यांच्या आधीच निघून गेले होते, हे विसरून त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही.