घड्याळ मोजते किती, सांगते किती?

वाशिम, रिसोड, कारंजा या गावांबाहेरच्या रस्त्यांवर भल्या पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. पायांत बळ यावे म्हणून कुणी सायकल दामटतो. अलीकडे पुष्कळांच्या मनगटावर काळा पट्टा असतो. अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, अडीच हजारांचा पट्टा घेऊ, की सायकलला मीटर बसवू?" घरी सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. त्यामुळे उत्तर विचार करूनच देणे भाग होते.

अशा उपकरणांची पारख करताना एक प्रश्न पुरतो. हे उपकरण ती गोष्ट प्रत्यक्ष मोजते, की दुसरेच काही मोजून तिचा अंदाज बांधते?

सायकलचा मीटर घ्या. चाकाच्या स्पोकवर एक लहान लोहचुंबक असतो आणि चिमट्यावर एक स्विच. चुंबक समोरून गेला की एक फेरा मोजला जातो. मोजणी चोख असते, पण अंतर काढायला चाकाचा परीघ आपण सांगावा लागतो. आपल्याकडच्या २८ इंची सायकलचा परीघ सुमारे २.२२ मीटर. मीटर २६ इंची चाकासाठी, म्हणजे सुमारे २.०७ मीटरवर लावलेला असेल, तर १० किलोमीटरचे तो ९.३ च दाखवील! दोष यंत्राचा नाही, आपल्या आकड्याचा आहे.

मनगटावरचा पट्टा हिरवा प्रकाश त्वचेत सोडतो. प्रत्येक ठोक्याबरोबर तेथील रक्त कमीजास्त होते आणि परत येणारा प्रकाशही. यावरून ठोके मोजतात. पट्टा सैल असला किंवा खडबडीत रस्त्यावर हँडल थरथरले, की ही मोजणी चुकू शकते. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो, म्हणून जोराच्या व्यायामात तो अधिक भरवशाचा.

खरी गडबड पुढे आहे. 'तुमचा कमाल वेग २०३ ठोके' असे उपकरण सतरा वर्षांच्या मुलाला सांगते. हा आकडा मोजलेला नसतो, तर २२० मधून वय वजा केलेले असते. २००१ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या सूत्राने (२०८ वजा वयाच्या ०.७ पट) हाच आकडा १९६ येतो. शिवाय एकाच वयाच्या निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. अशा सरासरीवर आखलेले 'हिरवे' आणि 'लाल' पट्टे पाहून एक मुलगा विनाकारण घाबरतो, तर दुसरा झेपत नसताना रेटत राहतो.

उष्मांकांचे तर विचारूच नका. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली मनगटावरच्या सात उपकरणांची तपासणी झाली. हृदयाच्या ठोक्यांत सातांपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या उष्मांकांत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली, सर्वांत वाईटाची ९३ टक्के! त्या आकड्यावर विसंबून जेवण कमी करणारी मुले पाहिली की काळजी वाटते.

मग उपकरणे निरुपयोगी का? तसे नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. इतक्या लांबच्या शर्यतीत आपण किती जोर लावतो आहोत हे नेमके कळणे मोलाचे असते. पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारा मीटर त्यासाठीच आहे. पण तो महाग आहे आणि १,६०० मीटर धावणाऱ्या मुलाला त्याची गरज नाही.

त्या मुलाला मी सांगितले, आधी टेपने मोजलेले अंतर आणि स्टॉपवॉच वापर. सकाळी उठल्याबरोबर पूर्ण मिनिटभर नाडी मोजून वहीत लिही. ती नेहमीपेक्षा बरीच वाढलेली दिसली, तर त्या दिवशी विश्रांती घे. उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, कारण अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडेही धाडावे लागते. तेव्हा वेग कमी करायचा. पट्टा घेतलाच, तर त्याच्या आकड्यांची तुलना कालच्या आपल्याच आकड्यांशी कर, मित्राच्या नको.

शिक्षकांना हे वर्गात करून दाखवता येईल. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा. विद्यार्थ्याला सायकलवर बसवून चाकाचे दहा फेरे सरळ चालवा आणि अंतराला दहाने भागा. वजनाने टायर दबते, म्हणून बसणे आवश्यक. हा परीघ मीटरमधल्या आकड्याशी ताडून पाहा. मग धावून आलेल्या मुलाची नाडी बोटांनी मोजा आणि पट्टा काय म्हणतो तेही पाहा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर एका ठोक्याची चूक चारांची होते, हेही मुलांना शोधू द्या. आपल्या मोजणीतली चूक ओळखू लागलेला मुलगा दुकानात गेल्यावर योग्य प्रश्न विचारील.