अभिजन की वर्ग? कोल्हापूरच्या जिल्हा राजकारणाच्या अभ्यासपद्धतीची चिकित्सा

महाराष्ट्राच्या राजकारणावरील लेखनात डोनाल्ड रोझेन्थल यांचा ‘द एक्सपान्सिव्ह एलिट’ (१९७७) आणि जयंत लेले यांचा ‘एलिट प्लुरॅलिझम अँड क्लास रूल’ (१९८१) हे ग्रंथ परस्परांसमोर उभे करण्याचा प्रघात आहे. पदव्युत्तर वर्गांत हा वाद बहुधा ‘अभिजन विरुद्ध वर्ग’ एवढ्यावर आटोपतो. वस्तुतः तो अभ्यासपद्धतीचा वाद आहे, आणि रोझेन्थल यांनी अभ्यासासाठी निवडलेल्या दोन जिल्ह्यांपैकी एक कोल्हापूर असल्याने येथील अध्यापकांनी तो अधिक बारकाईने तपासणे अगत्याचे आहे.

रोझेन्थल यांच्या पद्धतीचे बळ तपशिलात आहे. सुधारणावादी संस्थानिकांपासून सहकारी नेतृत्वापर्यंतची कोल्हापूरची वाटचाल त्यांनी १९७३ मध्येच मांडली होती. गट कसे जुळतात, फुटतात आणि नवे घटक सत्तेत कसे सामावले जातात, हे त्यांच्या विवेचनातून उलगडते. लेले यांचा आक्षेप याच ठिकाणी आहे: अभिजनांतील स्पर्धा म्हणजे बहुसत्ता नव्हे, ते वर्गीय वर्चस्वाचेच रूप होय. अमेरिकेत रॉबर्ट डाल यांच्या न्यू हेवनच्या अभ्यासावर (१९६१) बॅकरॅक व बॅराट्झ यांनी १९६२ मध्ये घेतलेल्या आक्षेपाशी याचे नाते आहे. जे प्रश्न निर्णयापर्यंत पोहोचूच दिले जात नाहीत, ते निर्णयांच्या अभ्यासात दिसणार कसे?

तथापि लेले यांची चौकटही कोल्हापुरात अडखळते. वारणेचे तात्यासाहेब कोरे किंवा पंचगंगा कारखान्याचे रत्नाप्पा कुंभार यांचे नेतृत्व मराठा वर्चस्वाच्या सूत्रात सहजी बसत नाही. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातून उभे राहिलेले ऊसदराचे आंदोलन तर दोन्ही सिद्धांतांची परीक्षा घेते. राजू शेट्टी २००४ मध्ये विधानसभेवर आणि २००९ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. अभिजनवादी अभ्यासक यास विस्ताराचा आणखी एक टप्पा म्हणेल. वर्गवादी अभ्यासक बागायतदारांचा अंतर्गत कलह म्हणेल. कारखान्याचा सभासदच कारखान्याच्या संचालकाविरुद्ध रस्त्यावर का उतरला, याचे उत्तर दोघांकडेही अपुरे राहते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत ‘पहिली उचल’ मागितली जाते, ती उसाच्या दराचा पहिला हप्ता म्हणून, हक्काने. त्याच कारखान्याला ऊस तोडणारा बीडकडील मजूर मुकादमाकडून ‘उचल’ घेतो, ते मात्र कर्ज असते आणि हंगामभर कोयता चालवून फेडायचे असते. पहिली उचल जिल्ह्याच्या राजकारणाचा विषय झाली. दुसरी झाली नाही, कारण तोडणीच्या दराच्या वाटाघाटी राज्यपातळीवर, साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात होतात आणि मजूर ना येथील सभासद असतो, ना मतदार.

‘जिल्हा’ हे विश्लेषणाचे एकक मानताच हा मजूर अभ्यासक्षेत्राबाहेर पडतो. रोझेन्थल यांची पद्धत पदाधिकाऱ्यांभोवती फिरते, त्यामुळे तीत तो येण्याचा संभवच नाही. लेले यांच्या सिद्धांतात शोषितांना स्थान आहे, परंतु ते आधीच ठरलेले स्थान आहे. मुकादमाशी होणाऱ्या व्यवहाराची क्षेत्रीय नोंद त्यातून आपोआप मिळत नाही. तेव्हा कोल्हापूरच्या सहकारी सत्तेचा पुढील अभ्यास संचालक मंडळाच्या यादीपासून नव्हे, तर कारखान्याच्या तोडणी-वाहतूक करारांपासून सुरू करून पाहावयास हवा. त्यासाठी संशोधकास जिल्ह्याची हद्द ओलांडून मराठवाड्यात जावे लागेल.