जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्वातंत्र्यविचार : एक चिकित्सा

प्रस्तावना : उदारमतवादी विचारपरंपरेत जॉन स्टुअर्ट मिल (१८०६-१८७३) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. व्यक्तिस्वातंत्र्याला केवळ शासनापासूनच नव्हे, तर समाजातील बहुमतापासून व रूढींपासूनही धोका संभवतो, असे त्यांनी 'ऑन लिबर्टी' (१८५९) या ग्रंथात प्रतिपादन केले. इतरांची हानी टाळण्यासाठीच व्यक्तीवर बंधन घालता येते, हा त्यांचा मूलभूत सिद्धांत होय. परंतु पहिल्याच प्रकरणात त्यांनी या सिद्धांताला घातलेली मर्यादा दुर्लक्षून चालणार नाही.

सिद्धांताची मर्यादा : अज्ञान मुले व 'मागासलेले' समाज यांना मिल या सिद्धांतातून वगळतात. अशा समाजांनी अकबरासारखा राज्यकर्ता लाभल्यास त्याची आज्ञा पाळावी, असे त्यांचे मत आहे. मिल १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील सेवेत होते. तथापि, केवळ नोकरीचा दाखला देऊन विचाराचे खंडन होत नाही.

अंतर्गत विसंगती : हे खंडन मिल यांच्याच युक्तिवादातून करता येते. विरोधी मत दडपणारा स्वतःला प्रमादातीत समजतो, असा त्यांचा आक्षेप आहे. मग संपूर्ण समाजाला स्वातंत्र्यास अपात्र ठरविणारा राज्यकर्ता वेगळे काय करतो? प्रातिनिधिक शासनावरील १८६१ च्या ग्रंथात सार्वजनिक कार्यातील सहभागाने नागरिक घडतो, असे ते सांगतात. त्याच ग्रंथात मतदारासाठी लेखन, वाचन व अंकगणिताची अटही घालतात. सहभागातून पात्रता येत असेल, तर पात्रतेअभावी सहभाग नाकारणे सुसंगत ठरत नाही.

भारतीय संदर्भ : भारतीय संविधानाने ही अट नाकारली. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता सुमारे १८ टक्के असताना १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक प्रौढ मताधिकाराने पार पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत व्यक्तिपूजेच्या धोक्याविषयी मिल यांचाच इशारा उद्धृत केला. त्याचबरोबर सामाजिक लोकशाहीच्या पायाशिवाय राजकीय लोकशाही टिकणार नाही, असे बजावले. मिल यांचा इशारा त्यांनी स्वीकारला. मात्र विषमतेच्या प्रश्नाला त्याच्या बरोबरीचे स्थान दिले.

समारोप : मिल यांना त्याज्य ठरविण्याचे कारण नाही. मात्र त्यांचा सिद्धांत शिकविताना त्यातून कोणाला वगळले आहे, हेही विद्यार्थ्यांसमोर ठेवले पाहिजे. 'हे लोक अद्याप लोकशाहीस पात्र नाहीत' हा युक्तिवाद कोणाच्याही मुखातून आला, तरी त्याची चिकित्सा करण्याचे साधन मिल यांनीच आपल्या हाती दिले आहे.